फॅन फिल्म पैशांवाचून अडत नाही
पैसे नसल्याने व्हिडिओ गेमवरची फॅन फिल्म, म्हणजे चाहत्यांनी हौसेने बनवलेली फिल्म, अडते असं कुणी म्हटलं तर ते काही पटत नाही. कॅनडातल्या पर्चेस बंधूंनी 'हाफ-लाइफ २' या गेमवर 'एस्केप फ्रॉम सिटी १७' बनवली, पहिला भाग २००९ मध्ये आला. खर्च म्हणे ५०० डॉलर! पडद्यावरचं बरंचसं शहर त्यांनी गेममधूनच उचललं होतं.

अडतं ते माणसांपाशी. फुकट राबणाऱ्याच्या घरी दुसऱ्या रविवारी हमखास पाहुणे येतात. म्हणून प्रमुख पात्राला हेल्मेट चढवा. नट गळाला तरी त्याच मापाचा दुसरा कुणी पाठमोरा चालतो, आवाज नंतर भरता येतो. आणि कॉल टाइम (शूटिंगला हजर व्हायची वेळ) सहाचा असेल तर पोहे साडेपाचलाच तयार हवेत. गेम कंपनीचे नियम मात्र आधी वाचा, तिकीट वगैरे तर लावूच नका.