शब्दचर्चा : 'त्याला जाऊन सहा हिवाळे झाले' हे मराठी आहे का?

मूळ प्रश्न

एका मित्राला जाऊन या महिनाअखेरीस सहा वर्षं होतील. हवेत गारठा आला की आम्हा जुन्या पाचसहा जणांपैकी कुणीतरी त्याच्याबद्दल दोन ओळी लिहून सगळ्यांना पाठवतं. यंदा पाळी माझी. मी लिहिलं, "त्याला जाऊन सहा हिवाळे झाले." पाठवण्याआधी आमच्यातल्याच एकाला दाखवलं, तर तो म्हणाला, "हे इंग्रजीतून उचललंयस. मराठी माणूस पावसाळे मोजतो." पुसून टाकलं. मग लिहिलं, "आज त्याची सहावी पुण्यतिथी." ते वाचल्यावर मलाच तो हार घातलेल्या तसबिरीतला कुणी थोर पुरुष वाटायला लागला. आमच्यातला सगळ्यात वात्रट मुलगा होता हो तो.

तर, हिवाळे मोजणं मराठीत बसतं का? आणि मित्राच्या बाबतीत त्या दिवसाला म्हणावं तरी काय?

उत्तर

तुमच्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' हे आपलं रोजचं बोलणं, आणि 'वर्ष' या शब्दातच पाऊस आहे. वर्ष आणि वर्षा एकाच 'वृष्' धातूचे. पण वर्षं मोजायला पाऊस हे एकच माप नव्हतं. 'जीवेम शरदः शतम्' मध्ये शंभर शरद मागितलेत, म्हणजे शंभर वर्षं. ऋग्वेदातच 'शतं हिमाः' असंही येतं. शंभर हिवाळे, अर्थ तोच. आणि आपला हिवाळा म्हणजे तेच हिम अधिक काल, जसा उष्णकालाचा उन्हाळा. थंडीला जुन्या मराठीत हींव म्हणत. हुडहुडी भरून येणारा ताप म्हणून हिवताप. म्हणजे हिवाळे मोजण्याची कल्पना इंग्रजीकडून यायची गरज नव्हती.

तरी तुमचं वाक्य मला खटकतं, आणि त्याला कारण वेगळं आहे. पावसाळे आपण 'पाहतो', तेही वय किंवा अनुभव मिरवायला. कुणाला जाऊन किती काळ लोटला हे सांगताना मराठीत सरळ वर्षंच येतात. 'त्याला जाऊन सहा पावसाळे झाले' हेसुद्धा कुणी म्हणत नाही. थंडी हवीच असेल तर क्रमवाचक वापरा : "त्याच्याशिवायचा हा सहावा हिवाळा." लगेच मराठी वाटतं.

उत्तर

सातवा. महिनाअखेरीला गेला आणि सहा वर्षं पूर्ण होतायत, म्हणजे त्याच्याशिवायचे सहा हिवाळे सरले. आता लागतोय तो सातवा. माफ करा, सवय आहे.

उत्तर

पुण्यतिथीत थोरवी मुळात नाही, वापरामुळे चिकटली. थोरांची जयंती नि पुण्यतिथी आणि इतरांचा वाढदिवस नि स्मृतिदिन अशी वाटणी होत गेली आहे. छापील निवेदनांतलं 'प्रथम पुण्यस्मरण' मात्र सगळ्यांना सारखंच लागू असतं. मित्रासाठी मला तरी 'स्मृतिदिन' बरा वाटतो, फक्त 'ति' ऱ्हस्व लिहा. एकटा शब्द 'स्मृती', समासात पुढे काही आलं की 'स्मृति'. आणि 'दिन' सुद्धा ऱ्हस्वच. 'स्मृतीदीन' असं मी इतक्यांदा वाचलंय की त्या बिचाऱ्या दीन स्मृतीची कीव येते.

शिवाय 'पुण्यतिथी' म्हणून आपण पाळतो ती बहुतेकदा तारीख. शब्दातली तिथी नावापुरतीच उरली आहे.

उत्तर

नावापुरती कशाला? आमच्या घरी दोन्ही लक्षात ठेवतात, आणि दोन्हींत बराच फरक पडतो. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी पुढच्या वर्षी साधारण ११ दिवस आधी येते, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी आधी, आणि अधिक महिना पडला की एकदम उडी मारून तारखेच्याही पुढे जाते. माझी एक मैत्रीण थंडी सुरू होता होता गेली. तारीख येते तेव्हा कधी तिथी होऊन गेलेली असते, कधी यायची असते. यंदा १९ वर्षं झाली. १९ वर्षांनी दोन्ही परत जवळजवळ एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. या वर्षी दोन्ही एकाच दिवशी आहेत. तारखेला फोन करणारे आणि तिथीला फोन करणारे एकाच दिवशी करतील. यासाठी शब्द विचारत नाहीये, नुसतं सांगितलं.

उत्तर

एका ठिकाणी 'अपघाताचा दहावा वर्धापनदिन' असं वाचलं होतं. वर्धापन म्हणजे वाढवणं. संस्थेचा असतो, दुकानाचा असतो. कृपा करून मृत्यूचा करू नका.

उत्तर

नावाआधी काय लावणार आहात? 'कै.' नको वाटतं कारण कैलासवासी उघडच धार्मिक आहे. म्हणून हल्ली 'दिवंगत' लिहितात, ते धर्माबाहेरचं आहे असं समजून. पण तोही 'दिवम् गत', स्वर्गालाच गेलेला. निधर्मी म्हणायचं तर 'कालवश', आणि तो शब्द मित्राच्या नावाआधी फारच करडा वाटतो. माझं मत : काहीच लावू नका. तुम्ही सगळे त्याला ज्या नावाने हाक मारत होता ते लिहा.

उत्तर

वाढदिवसाचं काय करता तुम्ही लोक? माझ्या फोनमध्ये माझ्या मित्राची तारीख अजून आहे. दरवर्षी सकाळी फोन सांगतो, 'आज वाढदिवस आहे, शुभेच्छा द्या.' ज्याचं वय वाढायचं थांबलं त्याचा वाढदिवस कसा? जयंती म्हणावं तर हसू येतं. मी एकदा लिहिलं होतं, "आज त्याचा वाढदिवस असतो." त्याच्या बहिणीने खाली लिहिलं, "असतो नाही रे, असायचा." मला आजही कळलेलं नाही कोण बरोबर.

उत्तर

व्याकरणाने दोघंही. तारीख दरवर्षी येते म्हणून 'असतो', साजरा व्हायचा म्हणून 'असायचा'. आणि 'आज तो चाळीसचा झाला असता' हे तिसरं. संकेतार्थात वय वाढू शकतं. ती तारीख फोनमधून काढू नका.

उत्तर

थोडं वेगळं. या दिवसांत सगळीकडे 'मिस करतोय' वाचायला मिळतं. लोक म्हणतात याला मराठीत शब्द नाही. शब्द पाच-सहा आहेत, म्हणूनच पंचाईत होते. माणूस नेहमीच्या जागी नसला की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. त्याच्याविना वेळ जात नाही तेव्हा करमत नाही. संध्याकाळ लवकर होऊ लागली की कारण न सांगता येते ती हुरहुर. त्याला फोन करायचा होता आणि राहून गेला, ही रुखरुख. बातमी ऐकून शेजारीपाजारी करतात ती हळहळ. 'मिस'मध्ये हे सगळं एका पोत्यात भरलं जातं. सहा वर्षांनंतर तुम्हाला यातलं नेमकं कोणतं वाटतंय ते पाहा, वाक्य आपोआप सुचेल.

उत्तर

'आठवण'चंही तसंच. 'आठवण काढणं' आपल्या हातात असतं, 'आठवण येणं' नसतं. आणि 'आठवणे' हे क्रियापद तर विलक्षण आहे. 'मला तो आठवतो', 'मला ती आठवते' : क्रियापद चालतं ते आठवणाऱ्याच्या मागून नाही, आठवलेल्याच्या मागून. मी बाजूला चतुर्थीत बसलेला. उलट करून 'मी त्याला आठवतो' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला आधी वाटतं, त्याला माझी आठवण येते. थंडीचंही हेच. 'मला थंडी वाजते', मी थंडी वाजवत नाही.

उत्तर

'थंडीची चाहूल' लिहा की. छान असतं.

उत्तर

छान असतं म्हणूनच प्रत्येक दिवाळी अंकात असतं. चाहूल म्हणजे कुणीतरी येत असल्याचा, पावलांचा अस्पष्ट आवाज. जो येणार नाही त्याच्याबद्दलच्या मजकुरात हा शब्द जपून.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. रुखरुख की हुरहुर यावर दोन दिवस घालवले. शेवटी ध्यानात आलं, मला वाटतंय ते तितकं मोठं नाहीच. त्या शेवटच्या थंडीत रात्री उशिरा घरी निघताना त्याने माझ्या गळ्यातला मफलर ओढून घेतला होता. राखाडी, एका टोकाची वीण उसवलेला. "उद्या देतो" म्हणाला. उद्या म्हणजे त्याच्या हिशेबाने कधीही. नंतर त्याच्या घरी तो मागणं मला जमलं नाही.

पुण्यतिथी, स्मृतिदिन, सहा हिवाळे, सातवा हिवाळा, सगळं खोडलं. एवढंच पाठवलं :

"थंडी वाजायला लागली. माझा मफलर अजून त्याच्याकडेच आहे."

मग शंका आली, 'आहे' की 'राहिला'? ज्याने हिवाळ्याला हरकत घेतली होती त्यालाच विचारलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "आहे. 'राहिला' लिहिलंस तर तो म्हणेल मी ढापला."