आखणी स्वतः कराच, पण गुण्यावर विसंबू नका

घराच्या पायाची आखणी स्वतःची स्वतः जमेल का, असा प्रश्न इथे आलाय आणि गुण्या (काटकोन तपासायची गवंड्याची पट्टी) लावून कोपरे काढण्याचा सल्लाही. आखणी नक्की जमेल. गुण्या मात्र एवढ्या लांबीला अपुरा पडतो: अर्ध्या मीटरवर 2 मिलिमीटर चुकलं, तर 10 मीटरवर 4 सेंटीमीटर फरक पडतो.

त्याऐवजी कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणा आणि एका दोरीवर 3 मीटरला खूण करा, दुसरीवर 4 मीटरला. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 मीटर भरलं की काटकोन झाला. मग समोरासमोरच्या बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण जुळेपर्यंत कुदळ लावू देऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी! इथला तिरकेपणा पुढे फरशी बसवताना भिंतीकडेने दिसतोच.

दोऱ्या बांधायच्या खुंट्या खोदाईच्या बाहेर मीटरभर ठोका, नाहीतर पहिल्याच दिवशी उखडतात.

लेव्हल (सगळीकडची उंची सारखी आहे का) बघायला पाण्याची पारदर्शक नळी उत्तम. आत बुडबुडे नकोत आणि वाचताना दोन्ही टोकं उघडी हवीत.

आणि हो, उकरलेली माती चराच्या काठावर रचू नका, कड ढासळते. चर खोल असेल तर आधाराशिवाय कुणालाही आत उतरू देऊ नका.