उचलणं आणि ठेवणं

भाऊ, नागपूरच्या कळमना मार्केटात संत्र्यांचे क्रेट उचलणं-ठेवणं व्हिडिओतून ओळखायला मोजक्या लेबलवाल्या (कोणती क्रिया ते लिहिलेल्या) क्लिपांवर पहिल्यापासून एआय मॉडेल शिकवायचा तुमचा बेत काही पटला नाही. कायनेटिक्स-४०० या माणसांच्या क्रियांच्या व्हिडिओसंचावर (४०० क्रिया, प्रत्येकीच्या किमान ४०० क्लिपा) आधीच शिकलेलं मॉडेल घ्या, शेवटचे थर तेवढे आपल्या क्लिपांवर शिकवा. बिनलेबलचं फुटेज ढीगभर असेल, तर व्हिडिओएमएई ही शिकवायची पद्धत बघा. त्यात व्हिडिओचा ९०-९५ टक्के भाग झाकून मॉडेलला तोच पुन्हा तयार करायला लावतात.

क्लिपा वाढवायला आरशासारखी डावी-उजवी अदलाबदल चालेल, पण व्हिडिओ उलटा चालवू नका; उचलणं म्हणजे ठेवणं होऊन बसेल. एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हींत टाकले, तर अचूकता खोटीच फुगते, कारण मॉडेल हमालाचे हात सोडून मागचा ढीगच ओळखत राहतं.