बूमची खरखर: आधी केबल बघा

बूम (माइक लावलेली लांब काठी) हलवला की खरखर येते म्हणून थेट माइकच दुरुस्तीला पुण्याला धाडताय? थांबा की जरा. बीडकडं उसाच्या फडात शूट होतं, तेव्हा आमचंही हेच झालं. दुसरी केबल लावली, आवाज एकदम साफ. एक्सएलआरचं, म्हणजे केबलच्या टोकाच्या तीन पिनांच्या जोडाचं, टोपण उघडलं तर ३ नंबर पिनची तार एका केसावर लटकलेली. मानेपासली चार बोटं केबल कापली, नव्यानं सोल्डर मारलं: १ ला जाळी (बाहेरची विणलेली तार), २ ला हॉट, ३ ला कोल्ड (आवाजाच्या दोन तारा). टोपण आधी केबलीत ओवायचं विसरलो, सगळं परत उकलावं लागलं! जोडाजोडी करताना ४८ व्होल्टचा फँटम (केबलीतूनच माइकला जाणारी वीज) बंद ठेवा. माइकची कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) मात्र घरी उघडू नका, ती लई नाजूक.