ईएसएक्सआय ६.७ वरच थांबायचं की प्रॉक्समॉक्सवर जायचं?

होस्ट_तीन:
दोन-तीन होस्ट (व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारे सर्व्हर) असलेली बरीच ऑफिसं अजून ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या हायपरव्हायझरच्या (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ६.५ नि ६.७ वर आहेत. कारण विचारलं की "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" मला हे अजिबात पटत नाही. या दोन्हींचा जनरल सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ लाच संपला. पॅच नसलेल्या हायपरव्हायझरवर एक होस्ट गेला की त्यावरच्या सगळ्या व्हीएम गेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स रॅन्समवेअरने जगभर हजारो होस्टना गाठलं. संशय ओपनएसएलपी या ईएसएक्सआयमधल्या, नेटवर्कवर सेवा शोधणाऱ्या सर्व्हिसमधल्या ज्या दोषावर होता, त्याचा पॅच दोन वर्षं आधीच आला होता!

नवीन व्हीस्फिअर (ईएसएक्सआय ज्यात येतं तो व्हीएमवेअरचा संच) घ्यायचं तर ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर डिसेंबर २०२३ पासून कायमचे परवाने बंदच केले. आता सबस्क्रिप्शन, तेही प्रत्येक प्रोसेसरला किमान १६ कोअर धरून. तुमचा प्रोसेसर ८ कोअरचा असला तरी पैसे १६ चे. लहान ऑफिसने सरळ प्रॉक्समॉक्स या लिनक्सवरच्या पर्यायावर जावं. त्याच्या पोटातलं केव्हीएम, म्हणजे प्रत्यक्ष व्हीएम चालवणारा भाग, २००७ पासून लिनक्स कर्नेलमध्ये आहे, आणि ईएसएक्सआयवरून व्हीएम थेट आयात करायचा विझार्ड २०२४ मध्ये आला.

सॅनवाले_काका:
पॅचबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण विझार्ड आहे म्हणून कुणी लगेच डाउनटाइम मागू नका. आधी सांगा, स्टोरेज कुठलं? व्हीएमएफएस ही ईएसएक्सआयची क्लस्टर फाइल सिस्टिम आहे. सॅनवरचा (सॅन म्हणजे होस्टना नेटवर्कने जोडलेलं सामायिक स्टोरेज) एकच लन, म्हणजे स्टोरेजचा तुकडा, सगळे होस्ट एकत्र वापरतात, वर थिन डिस्क (लागेल तेवढीच जागा घेणारी) आणि स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) मिळतात. प्रॉक्समॉक्समध्ये त्याच सॅनच्या लनवर शेअर्ड एलव्हीएम (लिनक्सची डिस्कची जागा वाटायची पद्धत) करावं लागतं. डिस्क थिक (पूर्ण जागा आधीच अडवणारी), आणि स्नॅपशॉट ऑगस्ट २०२५ च्या ९.० पर्यंत नव्हतेच. ९.० मध्ये आले तेही टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू, म्हणजे चाचणीपुरते म्हणून. प्रॉडक्शनचा डेटाबेस प्रिव्ह्यूच्या भरवशावर मी ठेवणार नाही. सेफ (होस्टमधल्याच डिस्क जोडून केलेलं सामायिक स्टोरेज) करा म्हणाल, तर नवीन डिस्क, वेगवान स्विच आणि ते सांभाळणारा माणूस, तिन्ही लागतात. सॅन अजून वॉरंटीत असलेल्याने ती भंगारात काढायची का? शिवाय लोड बघून व्हीएम आपोआप हलवणारं डीआरएस तिकडे त्या तोडीचं नाही.

डेटासेंटर_एडिशन:
दोघेही हायपर-व्ही, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर, विसरलात. आमच्या ईआरपीवाल्याच्या (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर देणाऱ्याच्या) सपोर्ट यादीत व्हीस्फिअर आणि हायपर-व्ही एवढंच आहे. विंडोज सर्व्हर डेटासेंटरचं लायसन्स सगळ्या कोअरना घेतलेलं असेल, तर त्या होस्टवर विंडोजच्या हव्या तेवढ्या व्हीएम चालतात, आणि हायपर-व्ही त्यातच येतं. सीएसव्हीमुळे (हायपर-व्हीच्या होस्टना एकच डिस्क एकत्र वापरू देणारी सोय) सॅनही कामात राहते.

होस्ट_तीन:
काका, डीआरएस एंटरप्राइज प्लस या वरच्या परवान्यात असतं. ज्यांच्याबद्दल मी लिहितोय त्यांच्याकडे स्टँडर्ड किंवा त्याहून खालचा परवाना, म्हणजे त्यांनी डीआरएस वापरलेलंच नाही. जे नव्हतंच ते गमावण्याची भीती का घालायची? सॅनचा मुद्दा मात्र खरा आहे, सॅनवाल्यांनी घाई करू नये. बाकीच्यांना एवढंच सांगतो: विंडोज व्हीएम हलवण्याआधी तिच्यात व्हर्टआयओ ड्रायव्हर (केव्हीएमच्या आभासी डिस्क आणि नेटवर्क कार्डचे) टाका आणि पहिलं बूट साटा डिस्कवर करा, नाहीतर निळा पडदा येईल. दोनच होस्ट असतील तर तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारं बाहेरचं मशीन) लावा. नाहीतर एक होस्ट पडला की कोरम, म्हणजे बहुमत, जातो, आणि उरलेल्यावर नवीन व्हीएम सुरूच होत नाही.

सॅनवाले_काका:
डीआरएसचं मान्य. पण घाई करू नये म्हणजे ६.७ वर राहावं असंही नाही. व्हीस्फिअर ८ चा जनरल सपोर्ट ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. ६.७ ची की ८ ला चालत नाही, म्हणजे सबस्क्रिप्शनचे पैसे द्यावे लागतील, आणि मी म्हणतो द्यावेत. फक्त आधी एचबीए (सर्व्हरला सॅनशी जोडणारं कार्ड) आणि नेटवर्क कार्ड व्हीएमवेअरच्या कंपॅटिबिलिटी यादीत बघा. ७ पासून जुने व्हीएमकेलिनक्स ड्रायव्हर काढून टाकलेत, जुनं कार्ड अपग्रेडनंतर दिसतच नाही. मंजुरी मिळेपर्यंत एसएलपी सर्व्हिस बंद करा आणि मॅनेजमेंट नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) टाका. हे आजच करा, त्याला पैसे लागत नाहीत.