५ मीटर उंचीच्या शेडसाठी शॉक अ‍ॅब्झॉर्बर किती लहान करता येतो?

फॅब्रिकेशन_हिंगणघाट
नमस्कार मंडळी. जिनिंगच्या शेडवर पत्रे बदलण्याची कामं सुरू आहेत. वळचण जमिनीपासून ५ मीटरवर आहे. बाजारातला २ मीटरचा लॅनयार्ड (अंगावरच्या पट्ट्याला लावायची सुरक्षा दोरी) पूर्ण उघडला तर माणूस थांबायच्या आधीच जमिनीला लागते. म्हणून मुठीत मावेल आणि अर्ध्या मीटरच्या आत थांबवेल असा, उघडत जाऊन पडण्याचा झटका झेलणारा अ‍ॅब्झॉर्बर वर्कशॉपमध्ये बनवून पाहायचा विचार करून राहिलो. फाटणारी वेबिंग (विणलेली कापडी पट्टी) घ्यावी की पिनांमधून ओढली जाणारी स्टीलची पट्टी? जोर किती धरावा? माणसाचं वजन १०० किलो धरलं आहे. हुक सध्या पत्र्यावरून जाणाऱ्या वायररोपला, म्हणजे पायाच्या पातळीलाच लागतो.

टॉवरवाला_चंद्रपूर
भाऊ, डबी लहान करणं आणि थांबायचं अंतर लहान करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डबी कारागिरीनं लहान होते. अंतरासाठी मात्र ऊर्जेचा हिशेब चुकवता येत नाही.

उघडणारी लांबी = वजन × मोकळी पडझड ÷ (सरासरी जोर − वजन). १०० किलोचं वजन ०.९८ किलोन्यूटन. युरोपच्या ईएन ३५५ मानकात कमाल जोर ६ किलोन्यूटन आणि उघडणं जास्तीत जास्त १.७५ मीटर आहे. पण ६ हा आलेखातल्या सगळ्यात उंच टोकाचा आकडा झाला. सरासरी ४.५ च्या आसपासच धरा, नाहीतर पहिल्या झटक्यालाच मर्यादा ओलांडते.

आता तुमच्या शेडला लावून पाहू. हुक पायाशी, लॅनयार्ड २ मीटर आणि पाठीचा डी-रिंग (लॅनयार्ड अडकवायची कडी) पायापासून १.५ मीटर वर, म्हणून मोकळी पडझड ३.५ मीटर. उघडणं येते ०.९८ मीटर. पत्र्यापासून खालचा हिशेब २ + ०.९८ + १.५, वर १ मीटर राखीव, एकूण ५.४८. तुमच्याकडे ५ आहेत. समजा जगातला सगळ्यात चांगला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेमका ६ किलोन्यूटन देणारा अ‍ॅब्झॉर्बर मिळाला, तरी उघडणं ०.६८ आणि एकूण ५.१८. तेही बसत नाही, आणि यात वायररोपचा झोळ अजून धरलेलाच नाही. म्हणून या जागी नुसता अ‍ॅब्झॉर्बर बदलून काम होणार नाही, आधी मोकळी पडझड कमी करा.

वायररोप १ मीटर उंच खांबांवर घ्या आणि लॅनयार्ड १ मीटरचा करा. डी-रिंग हुकाच्या फक्त अर्धा मीटर वर राहते, मोकळी पडझड १.५ मीटर, उघडणं ०.४२ मीटर. पाय पत्र्याखाली १.९२ मीटरवर थांबतात, राखीव धरून २.९२. उरलेले दोन मीटर झोळासाठी हाताशी राहतात, पण झोळ मोजूनच घ्या, कारण तो पडझडीतही मिळतो आणि खालच्या हिशेबातही. खांब ट्रसच्या वरच्या अँगलवर बसवा, पातळ झेड पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर) कधीच नाही. टोकाच्या खांबांवर ताण माणसाच्या झटक्याच्या कितीतरी पट येतो, त्यांना मागून टेकू द्यावाच लागेल.

मेकॅनिकल_अमरावती
वरचा हिशेब बरोबर आहे. त्यातूनच डबीचं उत्तरही निघते.

विणून जोडलेले दोन थर फाटत जाणाऱ्या वेबिंगमध्ये १० सेंमी फाटलं की २० सेंमी उघडते. ०.४२ मीटरला २१ सेंमी पुरते. १३० किलोचा माणूस धरला तर उघडणं ०.५९ मीटर होते, म्हणजे ३० सेंमी. ३५ सेंमी फाटणारा भाग ठेवा, घडी करून तो मुठीत मावते. तुमची मागणी इथेच पूर्ण होते, स्टीलची गरजच नाही.

तरी पट्टीचं सांगतो, कारण अनेकांना ती सोपी वाटते. २० मिमी रुंद, १.५ मिमी जाड कोल्ड रोल्ड माइल्ड स्टीलची पट्टी, १२ मिमीच्या तीन पिनांमधून नागमोडी. पट्टी पिनेला नीट बसत असेल तर प्रत्येक वाकण्याला आणि प्रत्येक सरळ होण्याला साधारण ०.५८ किलोन्यूटन लागते. असे सहा टप्पे, म्हणून ३.५. घर्षण धरून ४.५ च्या आसपास. कागदावर छान दिसते. पण जोर जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो: १.५ ऐवजी १.६ मिमीची पट्टी आली की जोर १४ टक्के वर. पट्टीचा लॉट बदलला की पुन्हा फरक. एका पावसाळ्यात पिनांवर गंज धरला की घर्षणाचा भरवसा संपला. शिवाय उघडून झाल्यावर अ‍ॅब्झॉर्बरनं १५ किलोन्यूटन ३ मिनिटं पेलायला हवं. ही पट्टी १० च्या आसपासच ताणायला लागेल आणि तिचं टोक पिनांतून निसटलं तर माणसाला धरायला काहीच उरत नाही. म्हणून समांतर पॉलिस्टरचा मजबूत फास ठेवावाच लागतो.

दोन प्लेटा बोल्टनं आवळून घर्षणावर चालणारी रचना तर करूच नका. एकाच टॉर्कवर आवळलेल्या दोन बोल्टांचा दाब सहज २५-३० टक्के इकडेतिकडे असतो, आणि गंजानं प्लेटा चिकटल्या की पहिला झटका थेट पाठीच्या मणक्यावर.

फॅब्रिकेशन_हिंगणघाट
खांबांचं पटलं. वेबिंगचे नमुने घेऊन चाचणी करायची आहे. जोर मोजणारा लोड सेल नाही. पोत्यात रेती भरून टाकली तर चालेल का?

दोरखंड_वणी
रेतीचं पोतं नको. ते स्वतःच दबते, ऊर्जा खाते आणि अ‍ॅब्झॉर्बर आहे त्यापेक्षा चांगला दिसते. घट्ट वजन घ्या: २०० मिमी व्यासाचा गोल बार ४०५ मिमी कापला की जवळपास १०० किलो होतो. वर आयबोल्ट. सोडण्यासाठी झटक्यात सुटणारा हुक, दोरी कापून नाही.

आधी हळू ओढून पाहा: २ किलोन्यूटनला ३ मिनिटं धरल्यावर ५० मिमीपेक्षा जास्त उघडायला नको. हे पाहणं आवश्यक आहे, कारण काम करताना माणूस लॅनयार्डवर रेलतो आणि तेवढ्यात टाके सुटायला लागले तर खऱ्या पडझडीला लांबी उरत नाही. मग वजन टाका आणि उघडलेली लांबी मोजा. वजन × (पडझड + उघडणं) ÷ उघडणं, हा झाला सरासरी जोर. पण जोराचं शिखर, म्हणजे कमाल झटका, यातून कळत नाही. त्यासाठी २ टनाचा लोड सेल आणि सेकंदाला किमान १००० नोंदी घेणारं यंत्र हवंच. मोबाइलच्या व्हिडिओवर शिखर काढू नका.

सुकलेला एक नमुना आणि रात्रभर पाण्यात भिजवलेला एक, दोन्ही टाकून पाहा. नायलॉन भिजलं की ताकद १०-१५ टक्के उतरते, पॉलिस्टरवर पाण्याचा फरक नगण्य. मात्र चुना-सिमेंटच्या कामात पॉलिस्टर खराब होते, तिथे वेबिंग लवकर बदला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते आणि पत्रा त्याहून कितीतरी तापलेला असतो, म्हणून पॅक पत्र्यावर पडू देऊ नका, पाठीशी राहील असाच बांधा.

हे नमुने शिकण्यासाठी ठीक. माणसाच्या पाठीवर मात्र आयएस ३५२१ प्रमाणे तपासलेला, आयएसआय छाप असलेलाच अ‍ॅब्झॉर्बर चढवा, १ मीटर लॅनयार्डसह. एकदा पडझड झेललेला, किंवा ज्याचं कव्हर फाटून आतले टाके दिसू लागले, असा सरळ कापून फेका, म्हणजे दुसरा कोणी उचलून वापरणार नाही.

टॉवरवाला_चंद्रपूर
एक राहून गेलं. जुन्या जिनिंगला सिमेंटचे पत्रे आणि मध्ये उजेडासाठी फायबरचे पत्रे असतात. तिथे माणूस काठावरून कमी, पत्र्यातून जास्त पडतो, आणि खाली यंत्र असेल तर ५ मीटरही मिळत नाहीत. अशा जागी मोजमाप जमिनीपासून नाही, यंत्राच्या माथ्यापासून घ्या. फायबरच्या पत्र्यांवर लाकडी फळ्या किमान तीन पर्लिनवर टेकतील अशा टाका, दोन्ही टोकांना बांधा, आणि ट्रसच्या खाली जाळी ताणा.