शब्दचर्चा : ‘पारंपरिक ज्ञान’, ‘देशी ज्ञान’ की नुसती ‘जाण’?

प्रश्न (खानापूर)

बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्याच्या परिसरात शाळांच्या सहली येतात. त्यांच्यासाठी मराठी माहितीफलकांचा मजकूर तयार करण्याचे काम आम्हा काही शिक्षकांकडे आले आहे. मूळ इंग्रजी मसुद्यात दोन शब्दप्रयोग वारंवार येतात : पहिल्याचे शब्दशः भाषांतर ‘एतद्देशीय परिसरविषयक ज्ञान’ असे होते आणि दुसऱ्याचे ‘पाश्चात्त्य विज्ञान’. या दोहोंची सांगड घालून मुलांना जंगल दाखवावे, असा मसुद्याचा हेतू आहे. हेतूबद्दल तक्रार नाही; परंतु पहिला शब्द सातवीच्या मुलापुढे ठेवण्याजोगा नाही, आणि दुसरा योग्य आहे की नाही याबद्दल आमच्यातच एकमत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बेळगावहून

‘एतद्देशीय’ हा शब्द कोशात शोभतो, फलकावर नव्हे. पर्यायांपैकी ‘देशी ज्ञान’ मी सुचवणार नाही, कारण आपल्याकडे ‘देशी’ म्हटले की गाय, कोंबडी किंवा दुकानातली बाटली आठवते. ज्ञान त्यानंतर कधीतरी. ‘मूलनिवासी’ आणि ‘भूमिपुत्र’ या शब्दांना राजकारणाची इतकी पुटे चढली आहेत की सीमाभागात ते फलकावर लिहिले, तर चर्चा जंगलाची न होता भलतीचकडे वळेल.

‘आदिवासी ज्ञान’ हाही शब्द इथे नेमका बसत नाही. खानापूरच्या रानातल्या वाड्यांवर गवळी आहेत, कुणबी आहेत; कर्नाटकाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ते नाहीत, मात्र रानाची माहिती त्यांच्याइतकी कोणाला नाही. वनहक्क अधिनियम २००६ ने अशांसाठी ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हा वर्ग ठेवला आणि त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनात वास्तव्य असण्याची अट घातली. तेव्हा ‘पारंपरिक’ या शब्दाला कायद्याने वर्षांचे मापच लावले आहे. फलकावर तो वापरायचा झाल्यास निदान ‘पारंपारिक’ असे लिहू नये. परंपरा या शब्दाला ‘इक’ प्रत्यय लागून ‘पारंपरिक’ होते.

निपाणीहून

‘पारंपरिक’ला माझी हरकत वेगळी आहे. ‘पारंपरिक’ म्हटले की वाचकाला वाटते, ही आजोबांबरोबर संपलेली गोष्ट. आणि ‘विज्ञान’ म्हटले की वाटते, ही आज चालू असलेली. प्रत्यक्षात शेतकरी दर पावसाळ्यात आपला अनुभव तपासतो आणि बदलतो. त्यासाठी बोलीत ‘आडाखा’ आणि ‘ठोकताळा’ हे दोन शब्द आहेत. ‘ठोकताळा’ म्हणताना बोलणारा थोडा हात राखून बोलतो, ‘आडाखा’ म्हणताना अनुभवाचे वजन देतो. मात्र छापील मराठीत दोन्ही शब्द हल्ली ‘शास्त्रीय आधार नसलेला अंदाज’ अशाच अर्थाने येतात, ही आपल्या लेखनाची चूक आहे.

पावसाच्या नक्षत्रांचे उदाहरण घ्यावे. आमच्या भागात पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणतात, आणि पेरणी, रोपलावण, भांगलण यांचे बोलणे आजही या नावांनीच होते. सूर्य एका नक्षत्रात साधारण १३ ते १४ दिवस असतो, त्यामुळे पावसाळ्याचे हे सोयीचे तुकडे पडतात. हे सारे फलकावर जरूर यावे. पण त्याच फलकावर हेही यावे की नक्षत्र ताऱ्यांवरून मोजले जाते, ऋतू सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनावरून ठरतो, आणि पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भोवंडण्यामुळे या दोहोंत सुमारे ७२ वर्षांत एक दिवसाचे अंतर पडते. आज मृग ७-८ जूनला लागतो; ज्ञानेश्वरांच्या काळी, सुमारे सव्वासातशे वर्षांपूर्वी, तो ऋतुमानाने दहाएक दिवस आधी लागत असे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तर मुलांना कळेल की ‘मृग’ हा शब्द चुकीचा नाही आणि तो अचलही नाही.

खानापूरहून (मूळ प्रश्नकर्ता)

नक्षत्रांचा मुद्दा उत्तम आहे, तो घेतो. पण ‘पाश्चात्त्य’चे काय करावे?

निपाणीहून

सोडून द्यावे. आपल्याकडे पश्चिमेकडून पाऊस येतो, विज्ञान नव्हे! गमतीचा भाग वगळला तरी, पाश्चात्त्य म्हटले की ते दुसऱ्यांचे ठरते आणि गावाची जाण तेवढी आपली, असा भेद मुलांच्या मनात बसतो. ‘विज्ञान’ पुरेसे आहे. काळ दाखवायचा असल्यास ‘आधुनिक विज्ञान’.

हुक्केरीहून

या संदर्भात कॅनडातील एक संज्ञा सांगण्याजोगी आहे. तेथील मिकमॉ या आदिवासी समाजातील ज्येष्ठ अल्बर्ट मार्शल यांनी २००४ मध्ये ‘एटुआप्टमम्क’ ही कल्पना मांडली : एका डोळ्याने आपल्या समाजाच्या ज्ञानातील बळ पाहावे, दुसऱ्याने पाश्चात्त्य ज्ञानातील, आणि दोन्ही डोळे सर्वांच्या भल्यासाठी एकत्र वापरावेत. तिथे ‘पाश्चात्त्य’ शब्दाला वसाहतीच्या इतिहासाचा संदर्भ आहे, म्हणून तो सार्थ ठरतो. मराठीत याला ‘दोन्ही डोळ्यांनी पाहणे’ म्हणावे का?

बेळगावहून

येथे जपून. ‘मला दोन्ही डोळे सारखेच’ असे आई आपल्या दोन लेकरांबद्दल म्हणते. त्यात निःपक्षपात आहे, दोन निराळ्या दृष्टींची जोड नाही. मार्शल यांच्या म्हणण्यात प्रत्येक डोळ्याचे बळ वेगळे आहे. मराठी वाचक मात्र ‘दोघांनाही सारखेच मानावे’ एवढाच अर्थ घेईल, आणि मग नक्षत्राच्या सरकण्याबद्दल बोलणेही कोणाला अपमान वाटू लागेल. त्यापेक्षा ‘डोळस’ हे विशेषण बरे. त्यात पाहणे आणि पारखणे दोन्ही येतात.

हुक्केरीहून

मान्य आहे. माझ्या मते मोठ्या संज्ञेपेक्षा वस्तूचे नाव अधिक काम करते. ‘पवित्र वन’ हे इंग्रजीवरून पाडलेले नाव लिहू नये. ‘देवराई’ लिहावे, आणि शेजारी दक्षिण कोकणातली ‘देवरहाटी’ आणि कोडगूची कन्नड ‘देवर काडु’ द्यावीत. आमच्याकडे कन्नड बोलणारा शेतकरी काळ्या जमिनीला ‘एरे’ आणि तांबड्या जमिनीला ‘मसारी’ म्हणतो. ते शब्द मराठी फलकावर आले म्हणून मराठीचे काही बिघडत नाही. तसेच ‘फिरती शेती’ऐवजी ‘कुमरी’ लिहावे. एकोणिसाव्या शतकात वनखात्याने कुमरीवर बंधने आणली आणि रान तोडून, जाळून नाचणी पेरणाऱ्याची रीत कागदोपत्री गुन्ह्याच्या भाषेत गेली. ती रीत आज चालवावी असे कोणी म्हणत नाही, पण शब्द गेला की तिच्यामागचे जमीन पडीक ठेवण्याचे गणितही जाते.

खानापूरहून (मूळ प्रश्नकर्ता)

आणखी एक अडचण. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील वटवाघळाविषयी मसुद्यात ‘१९१३ मध्ये शोध लागला’ असे आहे. त्या गुहेत वटवाघळे आहेत हे आसपासच्या माणसांना त्याआधी ठाऊक नव्हते असे म्हणणे मला पटत नाही.

बेळगावहून

तिथे ‘शोध’ हा शब्दच अडचणीचा आहे. मराठीत ‘शोध’मध्ये हुडकणे आणि सापडणे दोन्ही येतात, म्हणून तो वापरला की आधी कोणी पाहिलेच नव्हते असे ध्वनित होते. १९१३ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी त्या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि वनाधिकारी रॉटन यांच्या नावावरून त्या जातीचे नाव ठेवले, एवढेच खरे. म्हणून ‘वर्णन केले’ लिहावे. ही जात इतर वटवाघळांहून वेगळी आहे हे दाखवून देणे हे थॉमस यांचे काम, आणि त्याचे श्रेय त्यांना राहतेच. गावात लहान वटवाघळांना ‘पाकोळी’ म्हणत असतील तर तेही नाव घ्यावे, मात्र आधी वाडीवर जाऊन विचारावे, कारण पाकोळी हे एका पक्ष्याचेही नाव आहे.

खानापूरहून (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. पहिल्या फलकावरचे वाक्य आता असे ठरवले आहे : ‘या रानाची जाण इथल्या वाड्यांवरच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या आहे, विज्ञानाने त्यातील काही गोष्टी मोजल्या, काही दुरुस्त केल्या, आणि काही अजून विचारलेल्याच नाहीत.’ पाकोळीबद्दल तळेवाडीला जाऊन आल्यावर येथेच लिहीन.